नाळे बा

कार्तिक सरला की बर्फाचा कारखाना झोपतो.
उद्यमबागेत पत्र्याच्या दाराला कुलूप,
आत मिठाच्या पाण्याचे हौद कोरडे,
आणि फळ्यावर खडूनं एकच ओळ:
शिवरात्रीनंतर कळवू.

हे तरी रोज सायकल काढतात.
धुक्यातनं जातात, धुक्यातनं येतात.
'कुलूप आहे,' म्हणतात,
जसं काही मी विचारलं होतं.
सोळा वर्षं आकड्यानं लाद्या ओढून
बोटांची टोकं मेलीत.
चहाचा पेला असा धरतात
जणू हात दुसऱ्या कुणाचा.
थंडीत राबलेल्या माणसाला
थंडीनंच घरी बसवलं,
हे अनगोळच्या टपरीवर सांगून सांगून
आता तिथं कुणी हसत नाही.
'काय करूलालास, भरमू?'
'बसूलालोय.'

मी वही काढते.
जुन्या कॅलेंडरची पाठ, दोऱ्यानं शिवलेली.
तेल अर्धा लिटर, त्यातलं वाटीभर संक्रांतीला.
रेशनचा तांदूळ आहे. तांदळाची काळजी नाही,
काळजी त्याच्यावर ओतायचं काय याची.
तूरडाळ पाव किलो, रोज थोडी पातळ.
सिलिंडर जानेवारी ओलांडायला हवा,
म्हणून अंघोळीचं पाणी परड्यात, चुलीवर.
मोडके वासे दिले मांडववाल्या काकतकरांनी.
धनुर्मास. लग्नं नाहीत.
'न्या वहिनी,' म्हणाले, 'आम्ही पण बसूनच.'

खडेबाजारातल्या खानावळीतनं
मटारचं पोतं येतं.
सोललेल्या दाण्याला किलोमागं सहा रुपये.
रात्री तिघं बसतो पोत्याभोवती.
ह्यांना शेंग फुटलेली ऐकू येते,
दाणा बोटाखालनं निसटलेला कळत नाही.
सकाळी संचिता कॉटखाली रांगते,
'आई, अकरा!'
अकरा दाणे आमटीत.
सालींची आतली पापडी काढली
की त्यांचीही भाजी होते.
वेळ लागतो फक्त.
वेळ आहे.

मंगळवारी गटाचा हप्ता.
सोमवारी संध्याकाळी संचितानं
दारावर खडूनं कानडीत काहीतरी काढलं.
अक्षरं गोल, गुबगुबीत,
पोट भरलेल्या माणसांसारखी.
'काय गं हे?'
'नाळे बा. उद्या ये.
बाई म्हणाल्या, पूर्वी रात्री भूत यायचं,
दार वाजवायचं.
हे वाचलं की परत जायचं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं.'
'भूत शाळा शिकलेलं व्हय?'
ती विचारात पडली.
'आणि मराठी भूत आलं तर?'
मग तिनं खाली मराठीतही लिहिलं.
आमच्याकडं पाटीचं असंच असतं,
एक भाषा लिहिली
की दुसरी रुसू नये म्हणून बघावं लागतं.

मंगळवारी गोकाककडचा तो पोरगा आला.
गाडी बंद केली, हेल्मेट काढलं.
आम्ही तिघं आत, श्वास धरून,
मटार तसाच मुठीत.
वाचायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.
दोन्ही वाचलं असणार.
मग हेल्मेट घातलं.

बुधवारी आला.
ऐंशी रुपये कमी होते.
त्यानं मोजले, पुन्हा मोजले,
दाराकडं बघितलं आणि म्हणाला,
'अक्का, ते पुसा.
माझा साहेब पण कानडीच वाचतो.'
पुसलं नाही. धुक्यानंच अर्धं नेलं.
'बा' उरलाय.
ये.

पुसातल्या त्या सकाळी
हे परड्यात पाणी काढायला वाकले
आणि तोंडातनं 'हाय' निघालं.
मी धावले.
उजवा हात झटकत उभे होते,
बोटाच्या टोकाकडं बघत,
हसावं की फुंकावं न कळून.
'चटका बसला गं,' म्हणाले.

वहीत जमेची बाजू आठ दिवस कोरी होती.
तिथं लिहिलं: चटका बसला.
त्याखाली, मटार, नऊ किलो.
त्याखाली काडेपेटी लिहायला घेतली,
ती खर्चात जाते हे नंतर ध्यानात आलं.